आगोट: वाट बंद व्हायच्या आधीचे दिवस

रायगड, पुणे आणि सातारा जिल्ह्यांच्या हद्दी सह्याद्रीच्या धारेवर जिथे एकमेकींना भिडतात, त्या भागात कित्येक वाड्यांना अजून गाडीरस्ता नाही. खालच्या गावापासून दीड-दोन तासांची चढण आणि मध्ये दोन-तीन ओढे. एरवी ही वाट नुसती दमवते. पाऊस लागला की तिचीच पन्हळ होते. जुलैत सलग आठ-दहा दिवस कुणी खाली उतरत नाही, कुणी वर येत नाही. म्हणून ७-८ जूनला मृग निघायच्या आत चार महिन्यांचं सगळं घरात यावं लागतं. याला आगोट भरणं म्हणतात.

आगोट म्हटलं की शहरातल्या माणसाला पापड, कुरडया, लोणच्याच्या बरण्या दिसतात. तेही करतोच. पण निम्मं काम ओझी मोजण्याचं असतं आणि उरलेलं निम्मं ओल अडवण्याचं.

आधी ओझी. घाट चढताना एका माणसाच्या डोक्यावर वीस ते पंचवीस किलो येतं. पहिल्या दिवशी तीस उचलणारे निघतात, दुसऱ्या दिवशी तेच गुडघा धरून बसतात. पाच माणसांच्या घराचा हिशेब साधारण असा बसतो: माणशी दिवसाला ४०० ग्रॅम धान्य धरलं तर चार महिन्यांना २४० किलो लागतं. प्राधान्य कुटुंबाला रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो मिळतं, म्हणजे पाच जणांचं चार महिन्यांचं १०० किलो. अंत्योदयचं कार्ड असेल तर घरटी महिन्याला ३५ किलो. जानेवारी २०२३पासून हे धान्य फुकट आहे, पण ते दुकानापासून वाडीपर्यंत फुकट चढत नाही. बाकीचं १४० किलो घरचं: ४० किलो नाचणी आणि १०० किलो तांदूळ. भात भरडलं की तिसरा हिस्सा कोंड्यात जातो, म्हणून १०० किलो तांदळासाठी दीडशे किलो भात गिरणीत न्यायचं. ते खाली उतरवा, भरडा आणि परत वर आणा. नाचणीला हा हेलपाटा नाही, घरच्या जात्यावर भागतं. डोंगरातली माणसं नाचणी का सोडत नाहीत याला चवीइतकंच हेही कारण आहे.

विकतच्या मालात मीठ १० किलो, तेल १२ लिटर, डाळी १६ किलो, गूळ-साखर मिळून १२, मिरची-मसाला ४, चहा २, सुकी मासळी ५, लसूण ५. या झाल्या तीन खेपा. कांदे ४० किलो, दोन खेपा. यूरियाची गोणी ४५ किलोची, ती खाली फोडून दोघांत वाटून घ्यायची. गॅस असेल तर भरलेली टाकी ३० किलोच्या आसपास जाते आणि तिला धड धरायला जागा नसते. चुंबळ करून डोक्यावर घेण्यापेक्षा बांबूला लटकवून दोघांनी आणलेली बरी. रेशनच्या चार-पाच खेपा आणि प्लास्टिक, खिळे, सुतळी यांची एक धरली की बेरीज तेरा-चौदावर जाते. तांदळाच्या खेपा वेगळ्या. घरात ओझी वाहणारे तिघे असतील आणि दिवसाला एकच फेरी धरली, तर तांदूळ धरून आठवडा कुठे गेला कळत नाही. त्याच दिवसांत शेताची राबही भाजायची असते, म्हणजे भाताची रोपं टाकायची जागा पालापाचोळा जाळून तयार करायची असते.

रेशन एकदम मिळेलच असं नाही. दुर्गम भागात पावसाळ्याचं धान्य आगाऊ पोचवायची पद्धत आहे. २०२५ साली तर जून ते ऑगस्टचं धान्य एकत्र द्यायचं केंद्रानेच सांगितलं होतं. पण दुकानात माल येणं वेगळं आणि ई-पॉस मशीनने अंगठा मानणं वेगळं. राब, माती, विळा यांत बोटांच्या रेघा झिजतात, ठसा उमटत नाही, त्यात नेटवर्क जातं. हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करायचे आणि दुसरं बोट लावून बघायचं. कार्डात नाव असलेली दोन माणसं बरोबर न्यायची, एकाचा ठसा नाही आला तर दुसऱ्याचा येतो. एकट्या म्हातारीला पाठवलं आणि ती मोकळी परत आली, तर चार तासांची पायपीट वाया जाते.

आता ओल. जुलैत घरातली चादरसुद्धा पिळल्यासारखी लागते, तर धान्याचं काय होत असेल! धान्य आधीच पुरतं वाळलेलं नसेल तर कणगीने, म्हणजे धान्याच्या विणलेल्या कोठीने, काही होत नाही. भाताचा दाणा दाताखाली धरायचा. कट्ट असा आवाज होऊन तुटला तर वाळला, चेपला तर अजून दोन उन्हं द्यायची. सायंकाळी ऊन उतरताच भरायचं नाही. गरम धान्य कोंडलं की त्याला आतून घाम सुटतो आणि तळाशी ढेकळं धरतात. रात्रभर घरात पसरून गार करायचं, सकाळी भरायचं.

कणगी दरवर्षी नव्याने लिंपायची. शेण आणि बारीक चाळलेली माती कालवून आतून-बाहेरून लेप द्यायचा, तीन-चार दिवस उन्हात ठेवायची, भेगा पडल्या की पुन्हा हात फिरवायचा. ओला लेप असताना भरली तर ती ओल दाणाच पितो. कणगी जमिनीवर टेकवायची नाही: खाली दगड, दगडांवर फळी. भिंतीपासून वीतभर अंतर, कारण पावसाळ्यात कुडाची भिंत बाहेरून भिजते आणि ती ओल आत झिरपते. तोंडाशी पेंढा, वर कडुनिंबाचा पाला आणि शेणाने लिंपून तोंड बंद. एकदा उघडली की पंधरा दिवसांचं काढून पुन्हा लिंपायची. रोज मापटंभर काढायला तोंड उघडं ठेवणाऱ्या घरात श्रावणापर्यंत टोके, म्हणजे धान्यातले किडे, झालेले असतात.

भात तुसासकट असेल तर टोक्यांना लवकर शिरता येत नाही, भरडलेल्या तांदळात मात्र ते धाड घालतात. म्हणून सगळं भात एकदम भरडून ठेवण्याचा मोह टाळावा. उखळ असेल तर शेवटच्या महिन्याचं भात तसंच ठेवायचं. तांदळाला एरंडेल चोळतो, दहा किलोला दोन-तीन चमचे, तळहाताला लागेल न लागेल इतकंच. बोरिक पावडर लावायची पद्धतही आहे. ती आमच्याकडे नको वाटते, कारण तांदूळ किती वेळा धुतला जाईल हे पाणी किती लांबून आणावं लागतं त्यावर ठरतं. पीठ साठवायचंच नाही. पावसात ते तीन-चार आठवड्यांत कुबट होतं, पोरकिडे पडतात.

कडधान्याचा भुंगा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो. तूर, मूग यांची डाळ करून ठेवली की त्याचं बरंचसं काम तिथेच बिघडतं. मोडासाठी आणि बियाण्यासाठी लागणारं अख्खं कडधान्य चुलीच्या चाळलेल्या, पूर्ण थंड राखेत कालवून मडक्यात भरायचं, वर तीन बोटं नुसती राख. राख गरम असेल तर बी उगवत नाही, ही चूक नवीन सुना हमखास करतात आणि मग सासवांना चार महिने बोलायला विषय मिळतो.

मिठाची गंमत वेगळीच. खडेमीठ हवेतलं पाणी ओढतं, कारण त्यात मीठ सोडून मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते जास्त हावरट. त्यामुळे ते बंद डब्यात ठेवलं तरी तळाला पाणी साचतं आणि पत्र्याचा डबा दोन महिन्यांत खाऊन टाकतं. मीठ टोपलीत पानं घालून, चुलीच्या वरच्या माचेवर ठेवायचं आणि खाली एक वाडगं. जे पाझरतं ते वाडग्यात पडतं, वर राहिलेलं मीठ मोकळं राहतं. वाडग्यातलं पाणी कडू असतं, ते आमटीत घालू नये. गूळही पाझरतो, त्याची ढेप कागदात गुंडाळून त्याच माचेवर. काडेपेट्या प्लास्टिकच्या बरणीत, बरोबर मूठभर भाजलेले तांदूळ. तरीही आषाढात एका काडीत पेट घेणारी काडेपेटी दुर्मीळ, म्हणून रात्री निजताना निखारे राखेखाली झाकून ठेवतात आणि सकाळी फुंकणीने जागे करतात.

कांदा उन्हाळीच हवा, खरिपाचा कांदा टिकत नाही. पातळ मानेचे, सुकलेल्या पातीचे निवडायचे आणि बांबूच्या माचेवर एकेरी थरात पसरायचे. चाळीस किलोतले दहा-बारा सडतात, हे धरूनच चाळीस आणायचे. आठवड्याला एकदा हात फिरवून मऊ पडलेले काढले नाहीत तर वीस सडतात. शेंगदाण्यांना हिरवट बुरशी दिसली की धुऊन, भाजून वापरायच्या भानगडीत पडू नये. ते विष भाजून जात नाही. मन घट्ट करून फेकायचे.

सरपणाकडे वळायला हवं होतं ते खरं तर सगळ्यांत आधी. पाच जणांच्या चुलीला दिवसाला सात-आठ किलो लाकूड लागतं, पावसात अंघोळीचं पाणी आणि कपडे शेकणं धरून जास्तच. चार महिन्यांना टनभर. हे माघ-फाल्गुनात गोळा होऊन मनगटाएवढं फोडलं गेलं तर वैशाखाच्या उन्हात वाळतं. मे महिन्यात आणलेलं लाकूड बाहेरून वाळल्यासारखं दिसतं, आत निम्मं पाणी असतं. ते आधी स्वतःचं पाणी आटवतं, मग भात शिजवतं, आणि तेवढ्यात बाईच्या डोळ्यांचं पाणी आटतं. ऐन, किंजळ, जांभूळ चांगलं. बिब्ब्याचा तुकडा चुकून आला तर त्याच्या चिकाने आणि धुराने अंगावर फोड येतात, म्हणून फोडताना साल ओळखणारा माणूस जवळ हवा. सगळं पडवीत रचायचं आणि त्यातलं चार दिवसांचं चुलीवरच्या माचेवर. तिथलं संपलं की खालचं वर, असा फेरा चालू ठेवायचा.

घरावर मंगलोरी कौलं असतील तर मे महिन्यात ती चाळायची. आढ्याकडून काढत खाली यायचं, शेवाळ आणि पालापाचोळा खरवडायचा, आणि लावताना पागोळीकडून वर. प्रत्येक कौलावर बोटाच्या पेराने ठोकायचं. धड कौल खणखणतं, केसासारखी चीर गेलेलं भद्द वाजतं. डोळ्याला न दिसणारी चीर कानाला कळते. पाय नेहमी रिपेवर पडेल तिथे ठेवायचा, नाहीतर दहा कौलं बदलायला चढलेला माणूस वीस फोडून उतरतो. वानरांची टोळी असेल तर पन्नासेक कौलं जास्तीची ठेवावी लागतात.

अलीकडे कौलांखाली सरसकट निळं प्लास्टिक घालायची टूम निघाली आहे. गळती थांबते, हे खरं. पण चुलीचा धूर पूर्वी कौलांच्या फटींतून निघून जाताना वासे सुकवत आणि वाळवीला लांब ठेवत जायचा. प्लास्टिक घातलं की धूर आणि वाफ दोन्ही आत कोंडतात, वाशांवर थेंब जमतात आणि तीन-चार वर्षांत लाकूड आतून मऊ पडतं. निजायच्या बाजूला प्लास्टिक आणि चुलीची बाजू मोकळी, हा मधला मार्ग. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, तेव्हा त्या बाजूच्या पडवीला कारवीच्या काठ्यांच्या आणि गवताच्या ताट्या बांधायच्या. त्या कुडाला लागून नकोत. हातभर पुढे असल्या तर भिजलेलं गवत भिंतीला ओल देत नाही.

सौर दिवा असला तरी आषाढातल्या धुक्यात पॅनेल फारसं काही देत नाही. दिवसाला एक तास एवढंच धरायचं. साधा बटणांचा फोन बंद करून ठेवला तर महिना निघतो, आणि ज्या दगडावर उभं राहिलं की रेंज येते तो दगड पोराटोरांनाही माहीत असावा.

पाणी भरपूर असतं आणि तेच आजारी पाडतं. पहिल्या पावसाचं सगळं वाहून विहिरीत उतरतं. ब्लीचिंग पावडरचं माप १,००० लिटरला अडीच ग्रॅम. गोल विहिरीत व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ३.१४, भागिले चार, म्हणजे घनमीटर मिळतात. त्याला हजाराने गुणलं की लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सव्वा-अठ्ठावीस हजार लिटर, त्याला साधारण ७० ग्रॅम पावडर. ती थेट विहिरीत फेकून भागत नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशी करायची, मग बादली पाऊणभर भरून दहा मिनिटं निवळू द्यायची. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओतून, ती दोराने विहिरीत सोडून वरखाली हलवायची. खाली राहिलेला चुना विहिरीत टाकायचा नाही, त्याने नुसतं पाणी जड होतं. तासभर उपसा बंद. हे रात्री केलं की सकाळी तक्रार येत नाही. पाणी गढूळ असेल तर औषध त्या मातीतच खर्च होतं, म्हणून घरी आणलेलं पाणी आधी तुरटी फिरवून किंवा निवळीचं बी भांड्याच्या आतल्या बाजूला घासून निवळवायचं, मग उकळायचं. आणि पावडरीचा डबा उघडल्यावर वास नाकात झोंबला नाही, आत गोळे झालेले दिसले, तर ती पावडर म्हणजे पांढरी माती. दर पावसाळ्यात एखाद्या वाडीत ही माती श्रद्धेने टाकली जाते.

जुलाब लागलेल्या पोराला पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर उलट अपाय होतो. चव अश्रूंपेक्षा खारट लागली की ओतून द्यायचं आणि नवं करायचं.

बाळंतपण जून ते सप्टेंबरमध्ये येणार असेल तर त्या बाईने मे महिन्यातच खाली, दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे जायचं. आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांत त्यासाठी माहेरघर आहे. घरची लावणी बुडेल म्हणून हे पुढे ढकललं जातं, आणि मग डोली. १०८ची गाडी रस्ता संपतो तिथवर येते. तिथपर्यंतचं अंतर माणसांच्या खांद्यावर.

डोलीसाठी दहा-बारा फुटांचा भरीव बांबू उन्हाळ्यात तोडून, पडवीत आडवा टांगून ठेवावा. ऐन वेळी तोडलेला ओला बांबू लवतो. घोंगडीची दोन टोकं बांबूला काथ्याने बांधायची. आठ माणसं हवीत, चार खांद्याला आणि चार बदलीला. वर पातळ प्लास्टिक, पण तोंड मोकळं. उतारावर पाय पुढे, चढावर डोकं पुढे, म्हणजे डोकं कायम वर राहतं. फुरसं, घोणस किंवा मण्यार चावली असेल तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यांतलं काही करायचं नाही. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढायची, चावलेला हात-पाय काठी बांधून स्थिर ठेवायचा आणि निघायचं. औषध एकच, ते दवाखान्यात. भगताकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

वाटेतले ओढे लहान पाणलोटाचे असतात, चढतात झपाट्याने आणि पाऊस थांबला की दोन-तीन तासांत उतरतात. थांबणं हेच शहाणपण, पण काठावर उभ्या माणसाला तेच जड जातं. पाणी गुडघ्याच्या वर असेल, किंवा तळाशी दगड गडगडल्याचा आवाज येत असेल, तर उतरायचं नाही. साकव दरवर्षी नवा बांधावा लागतो. गेल्या वर्षीचे बांबू वरून धड दिसतात, पण आतून कुजलेले असतात. टोकदार कोयता खुपसून बघितल्याशिवाय कुणाला पाय ठेवू देऊ नये.

डोंगराकडेही बघावं लागतं, दरडीखाली वस्त्या गेल्या आहेत. ३० जुलै २०१४ला माळीण, २२ जुलै २०२१ला तळिये, १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडी. इर्शाळवाडीला तर वर यंत्रं नेता आली नाहीत, फावड्यांनी उकरावं लागलं. वाडीच्या वरच्या अंगाला मे महिन्यात एक फेरी मारायची: जमिनीला नवी भेग आहे का, झाडं किंवा कुंपणाचे खांब उताराकडे कलले आहेत का. भेग दिसली तर मातीने बुजवून दोन्ही काठांवर खुंट्या ठोकायच्या आणि त्यांच्यातलं अंतर काठीने मापून ठेवायचं. पावसात ते वाढलं, किंवा नितळ झरा अचानक गढूळ झाला, किंवा वाहता झरा आटला, तर सामानाचा विचार न करता बाजूच्या धारेवर निघायचं. रात्र व्हायची वाट बघायची नाही.

लावणीचे पंधरा-वीस दिवस पाय चिखलात असतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. रात्री पाय धुऊन, चुलीजवळ खडखडीत कोरडे करून मग तेल. ओल्या पायाला तेल लावलं तर उलट सडतात. गुरांना घटसर्प आणि फऱ्याची लस मे महिन्यातच टोचून घ्यायची, नंतर डॉक्टर वर येऊ शकत नाही.

तरणा (पुनर्वसूचा पाऊस) गेला, म्हातारा (पुष्याचा) गेला की पावसाचा जोर हळूहळू मोडतो. गणपतीच्या सुमारास पहिली लांब उघडीप मिळते. त्या दिवशी वाडीतलं प्रत्येक घर उलटं करून अंगणात मांडलेलं दिसतं: घोंगड्या, कागदपत्रांची पिशवी, मिरच्या, रिकाम्या कणग्या. दाराच्या मागच्या बाजूला कोळशाने आकडे लिहितात, पुढच्या मे महिन्यात खेपा ठरवायला. मीठ २ किलो उरलं. तेल गणपतीला संपलं. काडेपेट्या ४ कमी पडल्या. कांदा १४ सडला, माच हलवणे.